तीन पट्ट्यांची गर्दी, चार पट्ट्यांची चणचण

देशात वैमानिकांचा तुटवडा आहे, अशी बातमी वाचून अनेक पालक बारामती किंवा गोंदियाच्या उड्डाण प्रशिक्षण संस्थेचं माहितीपत्रक मागवतात. बातमी खोटी नसते, अर्धवट असते. तुटवडा आहे तो खांद्यावर चार पट्ट्या असलेल्या कॅप्टनचा. को-पायलटच्या तीन पट्ट्या लावायला आतुर असलेली, हातात लायसन्स घेऊन पहिल्या नोकरीची वाट बघणारी मुलं भरपूर आहेत.

छोट्या प्रादेशिक कंपनीला ही चणचण जास्त का जाणवते, हे साध्या हिशेबातून कळतं. समजा, एक एटीआर, म्हणजे छोट्या फेऱ्यांचं पंखेवालं विमान, दिवसाला १० तास उडतं. वर्षाचे झाले ३,६५० तास. नियमाप्रमाणे एका वैमानिकाला वर्षात १,००० तासांपेक्षा जास्त उडता येत नाही. त्यातून रजा, आजारपण, साप्ताहिक विश्रांती, सिम्युलेटरचे दिवस वजा केले की सात-आठशे तास हाती लागतात. म्हणजे एका विमानामागे कॅप्टन आणि को-पायलटच्या निदान पाच जोड्या, आणि चार विमानांच्या कंपनीला वीस कॅप्टन. हजारो वैमानिकांच्या कंपनीतून तिघं गेले तर पत्ताही लागत नाही. इथे तिघं गेले की वेळापत्रकातल्या फेऱ्या गळतात. कॅप्टन बाजारातून लगेच उचलून आणता येत नाही. त्याला एटीपीएल हे वरचं लायसन्स लागतं, त्यासाठी १,५०० तास लागतात, आणि त्यानंतर कमांडचं वेगळं प्रशिक्षण. विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएने २०१७ साली राजीनाम्याच्या नोटिशीची मुदत कॅप्टनसाठी एक वर्ष आणि को-पायलटसाठी सहा महिने केली, त्यामागे हीच अडचण आहे. दुसऱ्या कुठल्या नोकरीत वर्षभराची नोटीस ऐकली आहे?

दुसरा समज असा, की लायसन्स मिळालं की माणूस विमान चालवायला मोकळा. कमर्शियल पायलट लायसन्सला २०० तास लागतात, आणि त्यातले बहुतेक जेमतेम टनभर वजनाच्या एका इंजिनाच्या सेसनावर होतात. एटीआर ७२ भरलेलं असताना २३ टनांचं असतं. मधलं अंतर टाइप रेटिंगने भरून काढायचं. आधी वर्गात विमानाची यंत्रणा, मग सिम्युलेटर. तिथे उड्डाणाच्या ऐन क्षणी एक इंजिन बंद पाडतात, आणि ते एकदाच नाही, सवय होईपर्यंत. बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याला आडवा राहिला तर विमानाला मागे ओढतो, म्हणून त्याची पाती वाऱ्याच्या रेषेत वळवावी लागतात. याला फेदर करणं म्हणतात. पुढे खऱ्या विमानावर, प्रवासी बसलेले असताना, प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी बसून लाइन ट्रेनिंग. चाचणी पार पडली की ‘रिलीज’. त्यानंतरही दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरची परीक्षा असतेच. छोटी कंपनी म्हणून यात सवलत नाही. नियम सगळ्यांना एकच.

टाइप रेटिंग त्या-त्या विमानापुरतंच असतं, हे मात्र फार उशिरा कळतं. नोकरीचा पत्ता नसताना लाखो रुपये घालून एअरबस ए-३२० चं रेटिंग करून ठेवायचं आणि मग एटीआरच्या कंपनीत अर्ज करायचा, असं करणारे असतात. तिथे ते रेटिंग निरुपयोगी. उलट, कंपनीने रेटिंगचा खर्च उचलला तर ती काही वर्षांचा बाँड लिहून घेते. तो सही करण्यापूर्वी वाचावा.

को-पायलट म्हणजे कॅप्टनचा मदतनीस, हाही असाच एक समज. एक जण उडवतो, दुसरा लक्ष ठेवतो, आणि ही कामं दोघांत आलटून-पालटून होतात. लक्ष ठेवणाऱ्याचं काम दुय्यम नाही, हे १५ जानेवारी २०२३ ला नेपाळमधल्या पोखऱ्यात दिसलं. यती एअरलाइन्सच्या एटीआरमध्ये डाव्या खुर्चीतली वैमानिक त्या विमानतळाची ओळख करून घेत होती, उजवीकडे प्रशिक्षक. तिने फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, मागितले. प्रशिक्षकाचा हात शेजारच्या दोन दांड्यांवर गेला आणि दोन्ही पंखे फेदर झाले. विमानात असलेले सर्व ७२ जण गेले. चूक उडवणाऱ्याची नव्हती, आणि वेळेत कुणाच्याच ध्यानात आली नाही.

‘२०० तासांच्या पोराच्या हाती विमान देतात’ ही ओरडही ऐकू येते. अमेरिकेत २०१३ पासून को-पायलटलाही साधारणपणे १,५०० तास लागतात. तो नियम २००९ साली बफेलोजवळ झालेल्या कोल्गन एअरच्या अपघातानंतर आला. गंमत म्हणा की विसंगती, त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास १,५०० च्या वर होते. तास मोजता येतात म्हणून नियमात बसतात. ते कुठे, कसल्या हवेत, कुणाच्या शेजारी बसून झाले, हे नियमात बसवणं अवघड.

आणि पंखेवाल्या विमानाचा पायलट म्हणजे जेट न मिळालेला, हे तर साफ चूक. एटीआरमध्ये इंजिनाची शक्ती हाताने सांभाळावी लागते, ऑटोथ्रॉटल नसतं. पंचवीस हजार फुटांच्या वर जाता येत नाही, त्यामुळे पावसाळी ढगांच्या डोक्यावरून जाण्याचा मार्गच बहुतेकदा बंद. फेऱ्या छोट्या, म्हणून दिवसात चार-पाच वेळा उड्डाण आणि उतरणं. मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे साडेतीन किलोमीटरची आहे. लक्षद्वीपमधल्या अगत्तीची जेमतेम बाराशे मीटर, आणि तिच्या दोन्ही टोकांना समुद्र. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी देशातलं पहिलं पूर्ण महिला कर्मचाऱ्यांचं विमान कोलकात्याहून सिलचरला नेलं, ते फोकर फ्रेंडशिप, म्हणजे पंखेवालंच.

शेवटचा समज चष्म्याचा. चष्मा चालतो. चष्म्याने नजर ठरलेल्या मापात आली की पुरे. रंग ओळखण्यात दोष असेल तर मात्र अडचण येते. म्हणून आधी वर्ग दोन आणि वर्ग एकची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, फी त्यानंतर भरावी. बरीच घरं नेमकं उलट करतात.