पदार्थांची हुशारी – ९ : एकसुरी घरघरीवर एकसुरी उपाय

बंगळुरूच्या राजाजीनगरात वीज गेली, की इमारतींच्या तळमजल्यावरचे जनरेटर पाठोपाठ सुरू होतात. खिडकी लावून घेतली, की त्यांची खडखड बरीच कमी होते. घरघर मात्र तशीच आत येत राहते. काच हलकेच थरथरते, मांडणीतलं भांडं भांड्याला लागून किणकिणतं. खडखड बाहेर राहते आणि घरघर आत कशी शिरते, या प्रश्नाच्या उत्तरात ध्वनिरोधक पदार्थांचं सगळं शास्त्र आलं. आकार लक्षात ठेवणाऱ्या मिश्रधातूंनंतर या आठवड्यात त्याच शास्त्राकडे वळू.

राजाजींचं नाव मिरवणाऱ्या या उपनगरात राहती घरं आणि औद्योगिक वसाहत एकमेकांना खेटून आहेत. १ मार्च २०१४ पासून त्यात डोक्यावरून धावणाऱ्या मेट्रोची भर पडली. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, औद्योगिक भागात ७५ आणि ७०ची. कागदावर हे दोन विभाग वेगळे दिसतात. इथे त्यांच्यामध्ये कधीकधी एखाद्या रस्त्याचंच अंतर असतं.

शोषणं वेगळं, अडवणं वेगळं

दुकानात ‘साउंडप्रूफिंग’ मागितलं, तर बरेचदा अंड्यांच्या ट्रेसारखा उंचसखल फोम पुढे येतो. तो भिंतीला चिकटवला, तर खोलीतला घुमारा जातो. शेजारचा जनरेटर जात नाही. कारण ही कामं दोन आहेत.

विजापूरचा गोलघुमट आठवा. त्याच्या भिंती सुमारे तीन मीटर जाडीच्या. बाहेरचा आवाज अडवायला याहून भक्कम काय हवं? पण आतल्या सज्जात टाळी वाजवली, की ती पुन्हा पुन्हा ऐकू येते. दगड आणि चुना आवाज अडवतात, पण पोटात घेत नाहीत, परत फेकतात. फोमचं नेमकं उलटं. त्याच्या बारीक छिद्रांतून हवा मागेपुढे होते, घर्षण होतं आणि ध्वनीची ऊर्जा उष्णतेत मुरते. मात्र फोम हलका असल्यामुळे उरलेला आवाज त्यातून सरळ पार जातो.

अडवण्यासाठी वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट केलं, की पलीकडे जाणारा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. हाच नियम उलट्या बाजूनेही लागू पडतो : आवाजाची वारंवारता निम्मी झाली, की तीच भिंत ६ डेसिबल कमी अडवते. म्हणजे ४०० हर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झच्या घरघरीपुढे ती हिशेबाने १८ डेसिबलनी दुबळी ठरते.

शोषणाचं गणितही खर्जाच्या विरोधातच जातं. भिंतीला लावलेला सच्छिद्र थर नीट काम करायचा, तर त्याची जाडी तरंगलांबीच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकी हवी. १,००० हर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटीमीटर, तिथे आठ-नऊ सेंटीमीटरचा थर पुरतो. ५० हर्ट्झची तरंगलांबी जवळपास ७ मीटर. तिच्यासाठी पावणेदोन मीटर जाडीचा थर लागेल. खोलीत मग माणूस राहायचा कुठे?

कॅनोपीच्या आत

‘सायलेंट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जनरेटरच्या कॅनोपीत ही दोन्ही कामं एकत्र दिसतात. बाहेर जाड पोलादी पत्रा, तो अडवण्यासाठी. त्याच्या आत रॉकवूल किंवा फोमचा थर, तो शोषण्यासाठी. त्यावर भोकांचा पत्रा, म्हणजे तंतू सुटू नयेत आणि आवाज थरापर्यंत पोचावा. इंजिनाखाली रबरी माउंटिंग, कारण थरथर एकदा जमिनीत उतरली, की ती पिलरमधून थेट तिसऱ्या मजल्यावर जाते. धुराड्याला सायलेन्सर असतो. त्याच्या कप्प्यांचे आकार असे बेततात, की ठरावीक वारंवारतेचा आवाज मागेच परतावा. या सायलेन्सरच्या गणितावर जगभर वापरला जाणारा ग्रंथ राजाजीनगरापासून जवळच लिहिला गेला. भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक एम. एल. मुंजाल यांचं नळ्या आणि सायलेन्सरच्या ध्वनिशास्त्रावरचं पुस्तक १९८७ साली प्रसिद्ध झालं.

१,००० केव्हीएपर्यंतच्या नव्या जनरेटरला कॅनोपीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलचं बंधन आहे. पण ही ‘ए’ प्रकारची डेसिबल असतात. माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून मोजताना मीटर खर्जाला सूट देतो. ५० हर्ट्झला ही सूट जवळजवळ ३० डेसिबलची आहे. त्यामुळे मीटर नियमात बसणारा आकडा दाखवतो आणि वरच्या मजल्यावर काच थरथरतच राहते. तक्रार करणाऱ्याचंही चुकत नाही आणि मोजणाऱ्याचंही.

वजनाऐवजी लय

वजन आणि जाडी हरतात, तिथे हुशार पदार्थांचं काम सुरू होतं. २००० साली हाँगकाँग विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातल्या पिंग शेंग यांच्या गटाने एक साधा दिसणारा ठोकळा तयार केला. एक सेंटीमीटरच्या शिशाच्या गोळ्यांवर मऊ सिलिकॉन रबराचा थर दिला आणि त्या इपॉक्सीत ओळीने बसवल्या. ठोकळ्यातल्या रचनेचा आकार तरंगलांबीच्या शंभराव्या हिश्शाच्या घरातला. तरीही ४०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज त्याने वजनाच्या नियमाला न जुमानता अडवला.

यामागची युक्ती झोपाळ्याला ठाऊक आहे. त्याच्या लयीपेक्षा जरा जलद हात हलवत राहिलं, तर झोपाळा हाताच्या उलट दिशेने जाऊ लागतो. इथे शिशाची गोळी हे वजन आणि रबर ही स्प्रिंग. आवाज ठोकळ्याला एका बाजूला ढकलतो, तेव्हा आतल्या गोळ्या विरुद्ध बाजूला जातात आणि पलीकडे पोचणारा धक्का मारला जातो. अशा पदार्थांना मेटामटेरियल म्हणतात. त्यांचा गुण शिशात नसतो, रबरातही नसतो. तो मांडणीत असतो. २००८ साली याच गटाने ताणलेल्या रबरी पडद्याच्या मध्यभागी छोटं वजन चिकटवून अशीच करामत आणखी हलक्या साहित्यात करून दाखवली.

या पदार्थांवरचा मोठा आक्षेप असा, की ते एका अरुंद पट्ट्यापुरतेच चालतात. हॉर्न, ड्रिल आणि कुत्र्यांचं भुंकणं यांचा मिळून कल्लोळ असेल, तर त्यांचा फारसा उपयोग नाही. पण आपल्याकडची घरघर कल्लोळ नसते. देशाची वीज ५० हर्ट्झची, म्हणून बहुतेक मोठे डिझेल जनरेटर मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर बांधलेले असतात. फोर-स्ट्रोक इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे सेकंदाला साडेबारा वेळा. चार सिलिंडर धरले, की ५० हर्ट्झ. सहा धरले, की ७५. भार वाढो वा उतरो, गव्हर्नर वेग जवळजवळ तोच ठेवतो. कोपऱ्यावरच्या ट्रान्स्फॉर्मरची गुणगुणही अशीच ठरलेली, मुख्यतः १०० हर्ट्झ. आवाज एकसुरी असेल, तर उपायही एकसुरी चालतो. कॅनोपीच्या पत्र्याला त्या सुरावर बेतलेले पडदे जोडणं, हे या पदार्थांना साजेसं पहिलं काम आहे.

विजेवर चालणारं रेशीम

दुसरी जात आहे ती आवाज ‘ऐकून’ वागणाऱ्या पदार्थांची. काही स्फटिक दाबले, की वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवलं. त्यांना वीज दिली, तर ते हलतात. या पदार्थांना पिझोइलेक्ट्रिक म्हणतात. अमेरिकेतल्या एमआयटीत योएल फिंक यांच्या गटाने २०२४ साली असा पिझोइलेक्ट्रिक धागा रेशमी कापडात घातला. केसाहून किंचित जाड असं ते कापड दोन तऱ्हांनी वागतं. पहिल्या तऱ्हेत ते उलटा आवाज काढून मूळ आवाज पुसतं, हेडफोनप्रमाणे. पण हे छोट्या जागेतच साधतं. दुसऱ्या तऱ्हेत कापडाची थरथरच थोपवली जाते. न हलणारं कापड आवाज परत फेकतं आणि पलीकडे जाणारा ध्वनी ७५ टक्क्यांपर्यंत घटतो. एवढ्या तलम कापडासाठी ही मोठीच मजल. रामनगरच्या रेशीमकोष बाजाराशेजारच्या बंगळुरूला या संशोधनात रस वाटायला हरकत नाही. अर्थात हे अजून प्रयोगशाळेतलं कापड आहे, शहरातल्या चिकपेटेच्या कापडबाजारात मिळणारं नव्हे.

तोवर क्रम पाळावा. आधी फटी. भिंतीचा फक्त एक टक्का भाग उघडा असला, तरी उरलेली भिंत कितीही भारी असो, एकूण रोध २० डेसिबलच्या वर जात नाही. मग इंजिनाखालचं कडक झालेलं रबर बदलणं, नंतर सायलेन्सर, मग वजन. फोम शेवटी, आणि तोही घुमारा घालवण्यापुरता. सोसायटीच्या बैठकीत कोणी ‘स्मार्ट’ पॅनेलचं दरपत्रक पुढे ठेवलं, तर एकच गोष्ट विचारावी : हे किती हर्ट्झला किती डेसिबल अडवतं? ५० आणि १०० हर्ट्झसमोरचे आकडे कोरे असतील, तर घरघरीसाठी ते पॅनेल घेऊ नये.

(पुढील आठवड्यात : स्वतःच्या भेगा स्वतःच बुजवणारं काँक्रीट)