१९१८: युद्ध, मानमोडी आणि दुष्काळ

१८७६-७७चा दुष्काळ इतिहासात आहे, १९७२चा लोकांच्या बोलण्यात. १९१८चा कुठेच नाही. पहिले महायुद्ध चालू, धान्य आणि रेल्वेचे डबे लढाईच्या कामी लागलेले, महागाई आधीच भडकलेली. त्यात पावसाने दगा दिला. पुणे जिल्ह्यातला शिरूर आणि दौंड (तेव्हा भीमथडी तालुक्यात) हा तर मुळातच पर्जन्यछायेतला मुलूख. ऐन सुगीच्या तोंडावर मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली. मुंबई इलाख्यात तिने सुमारे १० लाख माणसे नेली. उपासमारीने खंगलेली शरीरे तापात टिकणार कशी?

कुणबी जातीच्या दाखल्यांसाठी अलीकडे गाव नमुना १४ची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींची, जुनी मोडी लिपीतली पाने पुन्हा उघडली गेली. आपल्या गावची १९१८च्या अखेरची पाने मिळाली, तर या साथीतल्या मृत्यूंच्या नोंदींसाठी तीही वाचून घ्या.