कचेरी हलली, पण अधिकार हलले का?

राजधानीची गर्दी कमी करायची, मागे पडलेल्या भागाला हात द्यायचा आणि जमलं तर मतंही मिळवायची! सरकारी कार्यालयं राजधानीबाहेर नेण्याचे हे भन्नाट किस्से.

पुण्यातलं सिमला : १८७५ मध्ये सुरू झालेल्या हवामान खात्याचं मुख्यालय कोलकात्याहून १९०५ मध्ये सिमल्याला, १९२८ मध्ये पुण्याला आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेलं. शिवाजीनगरच्या चौकातली मनोऱ्याची दगडी इमारत मात्र पुणेकरांसाठी आजही ‘सिमला ऑफिस’च आहे.

अठरा मतांची राजधानी : २० जून १९९१ रोजी जर्मन संसदेनं ३३८ विरुद्ध ३२० मतांनी संसद आणि सरकारचं ठाणं म्हणून बॉनऐवजी बर्लिनची निवड केली. बॉनकरांची समजूत काढायला १९९४ मध्ये कायदा झाला आणि सहा मंत्रालयांचं मुख्य ठाणं बॉनमध्येच राहिलं.

मॅकडोनाल्ड्समधलं सरकार : ऑस्ट्रेलियानं कीटकनाशकांना मंजुरी देणारी संस्था कॅनबेराहून आर्मिडेलला हलवली. हा तेव्हाचे उपपंतप्रधान बार्नबी जॉइस यांचाच मतदारसंघ! कार्यालय तयार नव्हतं, म्हणून काही कर्मचारी चक्क मॅकडोनाल्ड्समध्ये बसून तिथल्या वायफायवर काम करत होते. २०१७ मध्ये संसदीय चौकशीत हे उघड झालं.

३२८ पैकी तिघं : अमेरिकेत सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याचं मुख्यालय कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शनला नेण्याचं २०१९ मध्ये ठरलं. हलवायच्या ३२८ पदांपैकी ४१ जणांनीच वॉशिंग्टन सोडलं आणि त्यातले अवघे तिघं ग्रँड जंक्शनला पोचले. २०२१ मध्ये मुख्यालय परत फिरलं.

गाळपाचा परवाना : कारखाना कोल्हापूरचा असो की लातूरचा, उसाच्या गाळपाचा परवाना मिळतो तो राजधानी मुंबईतून नव्हे, तर पुण्याच्या साखर आयुक्तालयातून. कृषी आणि सहकार आयुक्तही पुण्यातच बसतात.

नागपूरला दिलेला शब्द : १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी असलेलं नागपूर महाराष्ट्रात आलं, ते २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारानंतर. दरवर्षी ठरावीक काळ सरकार नागपुरात हलेल आणि विधिमंडळाचं एक तरी अधिवेशन तिथं होईल, असं त्यात ठरलं होतं. डिसेंबरात मंत्री, अधिकारी, फायली सगळं नागपुरात येतं. पण अधिवेशन अनेकदा दोन आठवड्यांच्या आतच आटोपतं.

कार्यालय हलवायचं, तर सहीचा अधिकारही त्याच्यासोबत गेला पाहिजे. पुण्याच्या साखर आयुक्तांना तो आहे, म्हणून कारखानदार पुणे गाठतात. गडचिरोलीच्या माणसाचं काम नागपुरातच झालं, तरच त्याचा मुंबईचा हेलपाटा वाचेल आणि करारातला शब्द पाळला जाईल.