नाव नाही टाकलं, पण गाव तर कळलं!

"काऊन वं, माह्यं लग्न तुह्या ब्लॉगवर जमवतं काय?"

अकोल्याहून मैत्रिणीचा फोन. 'हॅलो'च्या आधी हे वाक्य! मला वाटलं, गंमत करतेय. मग पलीकडची शांतता ऐकू आली आणि पोटात गोळाच आला.

झालं होतं असं, की आदल्या आठवड्यात तिचा 'बघण्याचा कार्यक्रम' झाला होता. पोह्यांच्या बशा, पगाराची चौकशी करणारे मुलाचे मामा, बाबांचा उतरलेला चेहरा... सगळं तिने रात्री फोनवर मला सांगितलं होतं. हसत हसत, आणि मध्येच रडत. आणि मी काय केलं? अमरावतीत बसून त्याची एक फर्मास पोस्ट पाडली. नाव टाकलं नाही हं! 'माझी एक मैत्रीण', बस्स. फक्त ओघात जठारपेठ आली, कृषी विद्यापीठातली डिग्री आली, बाबांची बँकेतली नोकरी आली आणि मामांच्या मिशाही आल्या. वाचणारे खूश, कमेंट्स धडाधड. चौथ्या दिवशी पोस्ट मुलाकडच्यांच्या मोबाइलवर पोचली.

"नाव नाही टाकलं म्हनून काय झालं? अर्ध्या अकोल्याले समजलं न वं!"

खरंच होतं तिचं. पुण्या-मुंबईत 'एक मैत्रीण' म्हटलं की ती लाखांच्या गर्दीत लपून जाते. आपल्याकडे तसं नाही. अमरावतीत राजकमल चौकात गिला वडा खाताना कुणी शिंकलं, तर अकोल्याच्या टॉवर चौकात 'सर्दी झाली काय?' विचारणारं कुणीतरी असतंच! नाव लपवणं म्हणजे माणूस लपवणं नव्हे. हा ब्लॉगिंगचा पहिला धडा मी असा शिकले. मैत्रिणीच्या खर्चाने.

डायरी की चौकातली भिंत?

'माझा ब्लॉग म्हणजे माझी डायरी,' असं आपण सगळेच म्हणतो. पण डायरी म्हणजे काय, हे बघायला फार लांब जायची गरज नाही. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे (१८५४-१९३८) आठवा. नामांकित वकील, लोकमान्य टिळकांचे जवळचे सहकारी, 'वऱ्हाडचे नवाब' म्हणून प्रसिद्ध. हे गृहस्थ वर्षानुवर्षं नेमाने इंग्रजीत डायरी लिहीत. १९१० मध्ये आणि पुन्हा १९११-१२ मध्ये ते शिर्डीला राहिले, त्या दिवसांच्या नोंदी साईभक्त आजही वाचतात. आज कोण भेटलं, आरती कशी झाली, गप्पा कशाच्या झाल्या... आजच्या भाषेत पर्सनल ब्लॉगच की!

फरक एकच. ते स्वतःच्या वहीत लिहीत होते. ती पानं छापून लोकांसमोर यायला पुढे कितीतरी वर्षं गेली. आपलं 'लिहिलं' आणि 'सगळ्यांनी वाचलं' यांच्यात अंतर किती? एक क्लिक! मनातला राग, ऑफिसमधला वैताग, कालचं भांडण, सगळं गरमागरम भिंतीवर. आणि भिंतही घरातली नाही, चौकातली.

म्हणून मी आता एक साधा नियम पाळते. पोस्टमध्ये दुसऱ्या कुणाचं आयुष्य येत असेल, तर ती एक रात्र ड्राफ्टमध्ये झोपते. सकाळी त्या व्यक्तीला पाठवते. 'चालेल' आलं तर पुढे. 'नको' आलं तर विषय बंद. माझा अनुभव लिहायचा हक्क माझा आहे. पण तिचं दुःख मला विश्वासाने सांगितलेलं असतं, छापायला दिलेलं नसतं.

श्रेय देण्यात कंजुशी कशाला?

दुसरी सवय म्हणजे ढापणं. तुमची पोस्ट तुम्हालाच फॉरवर्ड होऊन आलीय कधी? खाली नाव गायब, नाहीतर 'सुंदर विचार, नक्की वाचा'! मराठी ब्लॉग जोरात होते तेव्हा ई-मेलमधून हेच चालायचं, आता व्हॉट्सॲपवर चालतं. 'नेटवर आहे म्हणजे सगळ्यांचंच,' असा एक गोड गैरसमज त्यामागे आहे. १९५७चा आपला कॉपीराइट कायदा वेगळंच सांगतो. मजकूर लिहिला की हक्क लिहिणाऱ्याचा, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. आणि कलम ५७ म्हणतं, हक्क विकून टाकले तरी 'हे माझं आहे' असं सांगण्याचा लेखकाचा अधिकार उरतोच.

पण कायद्याचं सोडा. या बाबतीत आपल्या जिल्ह्याचा वारसा किती मोठा आहे, माहितेय? रिद्धपूर! तेराव्या शतकात म्हाइंभटांनी इथेच 'लीळाचरित्र' सिद्ध केलं, मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ. चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांनी मनाने रचल्या नाहीत. ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्या माणसांना गाठलं, विचारलं आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतलं. पुढे त्याच्या वेगवेगळ्या पोथ्या झाल्या, तेव्हा कुठला पाठ कुणाचा हेही जपलं गेलं. मोटारी नाहीत, मोबाइल नाही, तरी सोर्स चेक! आणि आपल्याच्याने एक लिंक आणि एक नाव टाकणं होत नाही?

बॉसही वाचतो बरं का

नोकरी करणाऱ्यांसाठी तिसरा मुद्दा. अमेरिकेत हेदर आर्मस्ट्राँग हिने 'डूस' या आपल्या ब्लॉगवर ऑफिसमधल्या लोकांबद्दल लिहिलं आणि २००२ मध्ये तिची नोकरी गेली. ब्लॉगमुळे नोकरी जाण्याला इंग्रजीत 'डूस्ड' हा शब्दच पडला!

पण प्रत्येक वेळी गप्प बसणं हा शिष्टाचार नव्हे. गौरव सबनीस हे नाव जुन्या ब्लॉगर्सना आठवत असेल. २००५ मध्ये त्याने आयआयपीएम या संस्थेच्या जाहिरातींतल्या दाव्यांवर लिहिलं, 'जॅम' मासिकातल्या लेखाची लिंक देऊन. संस्थेकडून कायदेशीर धमकी आली, प्रकरण तो काम करत होता त्या आयबीएम कंपनीपर्यंत गेलं. कंपनीने त्याला काढलं नव्हतं. पण आपल्यापायी कंपनीला त्रास नको म्हणून त्याने स्वतःच राजीनामा दिला, आणि लिहिलेलं मागे घेतलं नाही. मला यातलं 'आधार देऊन लिहिलं' हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं. चहाच्या टपरीवरची कुजबुज आणि पुराव्यानिशी केलेली टीका, दोन्ही एका मापाने मोजता येत नाहीत.

आणि ती कमेंटची चौकट!

२००७ मध्ये कॅथी सिएरा या अमेरिकन ब्लॉगरला इतक्या घाणेरड्या धमक्या आल्या, की तिने लिहिणंच थांबवलं. त्यानंतर टिम ओरायली यांनी ब्लॉगर्ससाठी आचारसंहितेचा मसुदा मांडला. त्यावर वादही खूप झाले. पण त्यातलं एक सूत्र आपल्या आजीनेही सांगितलं असतं: जे समोरासमोर बोलणार नाही, ते नेटवरही बोलू नये. पटलं नाही तर मुद्द्यावर बोला. शुद्धलेखनाची चूक दिसली तर खासगीत कळवा. आपल्याकडून चूक झाली तर गुपचूप डिलीट न करता 'दुरुस्ती केली आहे' असं लिहा. आणि कुणी छान लिहिलं असेल तर तेही सांगा की! कौतुकाला डेटा पॅक फार लागत नाही.

...तर माझी मैत्रीण. मी पोस्ट लगेच काढली, पण स्क्रीनशॉट्स आधीच गावभर झाले होते. मग बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेले. तिच्या आईने दार उघडलं, पाणी दिलं आणि काही न बोलता आत निघून गेली. ते न बोलणं मला अजून आठवतं. मी बाबांची माफी मागितली. ते पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "लिवता चांगलं पोरी. पन पहिले विचारत जा."

लग्न मोडलं, ते पोस्टमुळे की पगारामुळे, कुणी सांगितलं नाही. मैत्रीण वर्षभर माझ्याशी बोलली नाही. हळूहळू बोलायला लागली. आता पुन्हा रात्री फोन करते, पण एखादी गोष्ट सांगण्याआधी क्षणभर थांबते आणि विचारते, "हे लिवनार तं नाही न?"

हा लेख छापायला देण्याआधी तिला पाठवला होता. तिच्या सांगण्यावरून दोन खुणा बदलल्या, एक वाक्य काढलं. शेवटी तिचा मेसेज आला: "चालते. टाक."