मोडक्या लांकडांतून काठवट व डाव

शेतकऱ्याच्या घरीं दरसाल कांहींना कांहीं लांकूड निकामी होतें. लांकडी चाकांच्या गाड्या जाऊन रबरी चाकें आलीं, लांकडी नांगराची जागा लोखंडी नांगरानें व पुढें ट्रॅक्टरानें घेतली, जुना वाडा उतरून सिमेंटाचें घर उठलें. आरे, रुमणीं, दिंडें, वासे, तुळया असा हा सर्व ऐवज गोठ्यामागें रचला जातो व शेवटीं न्हाणीच्या चुलींत जातो. वर्षानुवर्षें मुरलेला बाभळीचा आरा एका वेळच्या ऊन पाण्यासाठीं जाळावा, आणि त्याच घरांत न चिकटणाऱ्या लेपाच्या तव्यासाठीं लांकडी उलथणें बाजारांतून विकत आणावें, हा व्यवहार आम्हांस तोट्याचा वाटतो. भाकरीच्या पिठाची काठवट, डाव, पळी, उलथणें, रवी हीं सर्व ह्याच ढिगांतून निघूं शकतात.

परंतु ढिगांतील प्रत्येक तुकडा अन्नाला लावण्याजोगा नसतो. जमीन घेतांना शहाणा मनुष्य आधीं जुने फेरफार पाहतो. प्रस्तुत लेखकाची नोकरी तेच फेरफार उतरून घेण्यांत गेली. लांकडाचाही असा पूर्वेतिहास पाहिल्यावांचून त्यास वाकस लावूं नये. गाडीच्या चाकाचा तुंबा दिसण्यांत काठवटीजोगा, पण वंगण त्याच्या अंगांत भिनलेलें असतें, तो सोडावा. पाभरीचें चाडें तर तयार वाटीच. मुलेंबाळें तें धुऊन मीठ-मिरचीस घेतात. परंतु त्याच चाड्यांतून पूर्वीं पाऱ्याचीं औषधें लावलेलें बीं व पुढें थायरमसारख्या औषधाचें बीं पेरलें गेलें असण्याचा संभव असतो. तें स्वयंपाकघरांत येऊं नये. वाड्याच्या तुळयांस वाळवीसाठीं डांबर, आल्ड्रिन किंवा गॅमेक्सिन चोपडलें होतें काय, हें घरांतील वृद्धांस विचारावें. रेल्वेचे जुने लांकडी स्लीपर क्रिओसोट तेलांत मुरविलेले असतात. ते कुंपणाला चांगले, पानांत वाढायला नव्हेत. रंगविलेलीं दारें-खिडक्याही वगळाव्या. घरगुती रंगांतील शिसें दर दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारा नियम आपल्या देशांत १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधींच्या रंगाचा भरंवसा धरतां येत नाहीं.

जातीचाही विचार हवा. बाभूळ डाव-उलथण्यास उत्तम, मात्र तिच्यांत टॅनिन असल्यामुळें ओल्या लोखंडाशीं संबंध येतांच काळे डाग पडतात. चिंचेचें लांकूड इतकें चिवट कीं खाटीक आपला ठोकळा त्याचाच करतात. शिवण वाळतांना फारशी वांकत नाहीं, म्हणून काठवटीस आम्ही तिला पहिला मान देऊं. फणस व आंबाही चालतात. कडुनिंबाच्या पळीची कडू चव पहिले कांहीं दिवस भाजींत उतरते. कण्हेर व बिब्बा ह्यांना मात्र हातही लावूं नये. कण्हेर विषारी आहे, आणि बिब्ब्याच्या चिकानें अंगावर फोड येतात.

जुन्या वाळलेल्या लांकडांतून लहान जिनसाच कराव्या. आरा करवतीनें न कापतां कुऱ्हाडीनें फोडावा, म्हणजे फूट लांकडाच्या धाग्यानें जाते व त्या फाळक्याचा डाव दांड्यांत मोडत नाहीं. प्रथम लपलेले खिळे शोधून काढावे, नाहीं तर सुताराच्या पटाशीची धार जाते व त्याचें बोलणें ऐकून घ्यावें लागतें.

मोठी काठवट ताज्या पडलेल्या झाडाची करावी. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यास आदळलें, तेव्हां आंबा-फणसाचीं पुष्कळ झाडें उन्मळून पडलीं. असें झाड पडलें कीं ओंडक्याचीं दोन्ही डोकीं मेणानें अगर शेणमातीनें ताबडतोब लिंपावीं, कारण पाणी तेथूनच जलद उडतें व भेगा तेथूनच सुरू होतात. मग ओंडका उभा चिरून अगदीं मधला, सुईएवढा गाभा काढून टाकावा. वाळतांना लांकूड सालीला समांतर अशा गोल रेषेनें जितकें आकसतें, त्याच्या सुमारें निम्मेंच मध्यापासून सालीकडे आकसतें. गाभा आंत राहिल्यास भांडें ह्या ओढाताणींत तडकतेंच. ओलेपणींच वाकसानें व गोल धारेच्या पटाशीनें तें कोरून जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी ठेवावी. दहा इंचांच्या काठवटीस एक इंच. नंतर भुश्शाच्या पोत्यांत घालून सावलींत ठेवावें व दर पंधरवड्यास काट्यावर तोलावें. वजन घटणें थांबलें म्हणजे तें वाळलें. तेव्हां आकार दुरुस्त करून घोटून काढावें.

वर तेल कोणतें द्यावें? भुईमुगाचें तेल वाळत नाहीं, खवट होतें. घाण्याचें कच्चें जवस तेल हवेंतील प्राणवायू घेऊन घट्ट होतें. तेंच पातळ हातानें तीन वेळां, मध्यें आठ-आठ दिवस सोडून, द्यावें. दुकानांतील ‘उकळलेलें’ जवस तेल रंगकामाचें असून तें लवकर वाळावें म्हणून त्यांत धातूंचे क्षार घालतात, तें अन्नास लावूं नये. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यांत टाकल्यास आपोआप तापून पेट घेते. ती पाण्यांत बुडवावी.

लांकडांत जंतू राहतात ही शंका सुशिक्षित घरांत फार. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत डीन क्लिव्हर व त्यांचे सहकारी ह्यांनीं स्वयंपाकाच्या फळ्यांवर जंतू सोडून पाहिले व १९९४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. लांकडांत शिरलेले जंतू पृष्ठभागावर पुन्हा फारसे मिळाले नाहींत. सुरीच्या चरांनीं भरलेल्या प्लॅस्टिकच्या फळीवर मात्र हातानें धुऊनही ते टिकले. भांडें धुवावें, उभें करून वाळवावें, पाण्यांत भिजत टाकूं नये, एवढें पुरे.

खरी अडचण निराळीच आहे. ज्या सुतारानें चाडें कोरलें, त्याच्याच हाताला काठवट येते. त्याचें बलुतें गेलें, औताचें काम ट्रॅक्टरानें नेलें, आणि मुलगा शहरांत प्लायवूडचीं कपाटें ठोकतो. तेव्हां लांकूड आपलें व मजुरी रोख, अशा बोलीनें त्यास हें काम सांगावें. ‘जुन्या लांकडाचें काय एवढें घेतोस?’ असें म्हणूं नये. जुन्या बाभळीवर धार दुप्पट वेळां लावावी लागते.

आतां कायद्याविषयीं. वृक्षतोडीचें नियमन करणाऱ्या महाराष्ट्राच्या १९६४ च्या कायद्यांत साग, आंबा, फणस, चिंच हीं झाडें येतात. तीं आपल्या मालकीच्या जमिनींत असलीं तरी परवानगीशिवाय तोडतां येत नाहींत. झाड मेलेलें, रोगट वा वाऱ्यानें पडलेलें असल्यास परवानगी नाकारूं नये, अशी त्यांत तरतूद आहे. तरीही झाड पडल्यावर करवत लावण्यापूर्वीं लेखी कळवून पंचनामा करून घ्यावा, व त्यांत झाडाची जात आणि बुंध्याचा घेर लिहवून घ्यावा; ‘एक मोठें झाड’ एवढ्यावर भागवूं देऊं नये.