शिपाई, शिरगणती आणि सह्याद्रीचे थर

तोरण्यावरून राजगडाकडे पाहिलं की डोंगर थरांनी रचलेला दिसतो. काळा कडा, खाली गवताळ उतार, पुन्हा कडा. मध्ये दरी आली तरी पलीकडच्या डोंगरात तेच पट्टे साधारण त्याच उंचीवर पुढे सुरू होतात. दख्खनच्या या आडव्या थरांबद्दल मोजमापं घेऊन लिहिणाऱ्या पहिल्या पिढीत एक नाव ठळक आहे, आणि त्या माणसाने भूशास्त्र कुठल्याही शाळेत शिकलेलं नव्हतं.

विल्यम हेन्री साइक्स, जन्म १७९०. कोवळ्या वयात तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत आला. १८०५ साली तो भरतपूरच्या वेढ्यात होता, १८१७ साली खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या फौजेसमोर. पुढे चारेक वर्षं युरोपात काढून १८२४ मध्ये परतला, तेव्हा गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या सरकारने त्याला 'स्टॅटिस्टिकल रिपोर्टर' नेमलं. काम हिशेबाचं होतं: माणसं किती, जमिनीचे हक्क कुणाचे, पिकं कोणती, मजुरी काय. नवा मुलूख हाती आला होता आणि सारा ठरवायचा होता. शास्त्राची हौस हे काही त्यामागचं कारण नव्हतं.

पण गावोगाव फिरणाऱ्या माणसाने डोळे मिटून थोडंच फिरायचं? साइक्सने दख्खनच्या पक्ष्यांची यादी केली, माशांवर लिहिलं आणि १८३१ साली आपल्या कोळसुनाचं शास्त्रीय वर्णन केलं. १८२९ साली पदच रद्द झालं, तरी गडी काम पुरं करायला थांबला. सरकारी फायलीतल्या माणसात ही चिकाटी क्वचितच दिसते. १८३६ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या ग्रंथमालेत त्याचा दख्खनच्या भूरचनेवरचा निबंध छापून आला.

त्या निबंधाचं बळ उंचीच्या मोजणीत आहे. बॅरोमीटरची पारा भरलेली काचनळी घाटवाटेवर सांभाळणं जिकिरीचं असतं. म्हणून साइक्सने साध्या थर्मामीटरने उंची काढण्यावरही लिहिलं. पाणी उकळायचं आणि किती अंशांना उकळलं ते पाहायचं. तोरण्याच्या माथ्यावर, १४०३ मीटरवर, ते साधारण ९५ अंशांनाच उकळतं. अशा मोजणीवरून त्याने मांडलं, की बेसॉल्टचे आणि पोकळ्यांमध्ये खनिजं भरलेल्या खडकाचे थर एकाआड एक येतात आणि ते एकमेकांना समांतर असतात.

त्याच्या सांख्यिकी अहवालातल्या चार इंग्रजी जिल्ह्यांत भोर, म्हणजे तोरण्याचा मुलूख, नव्हतं. ते पंतसचिवांचं संस्थान होतं, आणि तिथले तालुकेही गडांच्या नावांचे: प्रचंडगड म्हणजे तोरणा, विचित्रगड म्हणजे रोहिडा. पण दगडाला हद्दी कळत नाहीत. साइक्सचं म्हणणं ताडून पाहायला वेल्ह्यातून तोरण्यावर चढावं. कड्याचा दगड घट्ट, हातोड्याखाली खणखणतो. उताराचा खडक मऊ, मुरमाड, अंगात पांढरी खनिजं आणि गारगोट्या. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कधी विटकरी मातीचा पट्टा सापडतो. पहिला लाव्हा थंड होऊन झिजला, त्याची माती झाली, मग दुसरा वरून आला. म्हणजे तो पट्टा मधल्या विश्रांतीचा पुरावा. २०१५ आणि २०१९ साली ज्या संशोधकांनी झिरकॉनच्या कणांवरून दख्खनचं वय सुमारे ६.६ कोटी वर्षं ठरवलं, त्यांना ते कण पश्चिम घाटातल्या अशाच तांबड्या थरांत मिळाले.

साइक्सची वाट पुढेही वळत राहिली. तो कंपनीचा संचालक झाला, मग अध्यक्ष, १८५७ पासून ॲबरडीनचा खासदार, लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीचाही अध्यक्ष. १८७२ साली तो वारला. माझ्या मते त्याचं भूशास्त्र हे त्याच्या हिशेबनिसीचंच अपत्य होतं. त्याने डोंगरही खातेवहीसारखा ओळीओळीने वाचला.

थर आडवे आहेत, ही ओळ मात्र पुढे सुधारावी लागली. डोळ्यांना सगळे लाव्हे सारखेच दिसतात, म्हणून १९८० च्या दशकात बीन, सुब्बाराव या भूशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची रासायनिक ओळख पटवली आणि थरगटांना घाटमाथ्यावरची व पायथ्याची नावं दिली. वरंध घाटापलीकडच्या पोलादपूरचं नाव त्यातल्याच एका गटाला आहे. या गटांचा उत्तर-दक्षिण माग काढला, तेव्हा दिसलं की थर पुरते आडवे नाहीत. ते दक्षिणेकडे कलले आहेत, पण तो कल एका अंशाहूनही कमी, साइक्सच्या काचनळीला न सापडणारा.