पुणे–जळगाव, ब्लॉक ते ब्लॉक

पहाटे पाच. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर प्रवासी यायच्या आधी आम्हा डिस्पॅचर मंडळींची पाळी लागते. एका स्क्रीनवर जळगावचं हवामान, दुसऱ्यावर नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचना. नकाशावर पट्टी ठेवली तर अंतर 320 किलोमीटरच्या आसपास, आमच्या हिशेबात 172 सागरी मैल. एटीआर 72 ताशी पाचशे किलोमीटरने जातं, म्हणजे गणिताने चाळीस मिनिटांच्या आत. तिकिटावर मात्र तासाहून जास्त. मधली मिनिटं कुठे जातात, हे पाहणं म्हणजेच माझी नोकरी.

सहा. इंधन. जळगावपर्यंतचं, तिथे उतरता आलं नाही तर छत्रपती संभाजीनगर गाठण्याइतकं, त्या वर अर्धा तास घिरट्या घालण्यापुरतं, वर थोडं वरकड. पोहोचायला लागणाऱ्या तेलापेक्षा न पोहोचण्याच्या तयारीचं तेल जास्त भरतं.

साडेसात. कॅप्टन आले. "सतरा हजार ना?" "हो सर." पूर्वेच्या अंगाला जाणाऱ्या विमानाला विषम हजारांची उंची, परतताना सम. चढण्यात पंचेचाळीसेक मैल सरतात, उतरण्यात पन्नास. सरळ, सपाट उडणं उरतं पंधरा-वीस मिनिटांचं. वीस नॉटचा समोरचा वारा लागला तरी अख्ख्या वाटेत फरक तीनेक मिनिटांचा.

साडेआठ. चाकांना लावलेले अडसर, म्हणजे चॉक, निघाले, चाकं हलली. ब्लॉक टाइम इथून मोजतात, विमान हवेत गेल्यापासून नव्हे. विमानतळ हवाई दलाचा. सुखोईंचा सराव सुरू असला की आपण टॅक्सीवेवर पंखे फिरवत उभे. वाऱ्याने खाल्ली नसती एवढी मिनिटं इथे जातात. गेटवरचे एक काका दर वेळी विचारतात, "अहो, एवढंसं अंतर, मग तास कसला?" त्यांना हा टॅक्सीवे दाखवायला हवा.

दुपारी दोन. दुसरी फेरी जळगावात पोहोचली आहे. परतीचं लोडशीट करायचं. मे महिना, पारा 44 वर. तापलेली हवा विरळ होते, पंख कमी उचलतात, इंजिनांचा जोर घटतो, आणि तिथली धावपट्टी पुण्यापेक्षा बरीच आखूड. परफॉर्मन्सचा तक्ता उघडला की जास्तीत जास्त वजनाचा आकडा सकाळपेक्षा खाली आलेला. अंतर तेच, विमान तेच. तेल कमी करता येत नाही. मग माणसं किंवा सामान. जळगावच्या स्टेशनवरच्या सहकाऱ्याशी फोनवर घासाघीस झाली, शेवटी काही बॅगा उद्याच्या फेरीवर गेल्या. अंतराचं कौतुक सगळ्यांना, उन्हाचं कुणी विचारत नाही.

चार. विमान परतलं, चॉक लागले. लॉगमध्ये वेळा भरल्या. उद्याचा अंदाज 45 चा. आरक्षण विभागाला निरोप धाडला: जळगावहून दुपारच्या फेरीतल्या सहा जागा विकू नका.